गाडी घरपोच आली, पण दुरुस्तीला कुठे न्यायची?

मैत्रिणींनो, घरात नवी वस्तू आली की आपण काय करतो? खोके फोडतो, हळदकुंकू वाहतो, पेढा वाटतो आणि सोबत आलेला तो बारीक अक्षरांचा इंग्रजी कागद कपाटात साड्यांच्या घडीखाली सारून देतो. मिक्सर असेल, इस्त्री असेल, तर हे चालून जाते. बिघडली तर भोरच्या बाजारपेठेत चार दुकाने आहेत, त्यातला एखादा दादा संध्याकाळपर्यंत दुरुस्त करून देतो. पण ज्या वस्तूवर एखाद्या माणसाचे घराबाहेर पडणेच अवलंबून आहे, तिचा कागद असा साड्यांखाली ठेवून चालत नाही. हे आम्हाला फार उशिरा कळले. आमच्या घरी घडले ते तुम्हाला सांगते.

माझ्या थोरल्या नणंदबाई, आम्ही सगळे त्यांना वन्संच म्हणतो, वेल्हे तालुक्यात आमच्या मूळ गावी राहतात. या तालुक्याचे नाव २०२५ पासून राजगड झाले आहे, पण आमच्या तोंडून अजून वेल्हेच निघते. वन्संना दीड वर्षाच्या असताना पोलिओ झाला. पल्स पोलिओची मोहीम आपल्याकडे १९९५ साली सुरू झाली आणि २०१४ साली देश पोलिओमुक्त जाहीर झाला. वन्संच्या जन्माच्या वेळी मात्र तो डोस गुंजवणीच्या खोऱ्यातल्या वाडीवस्तीपर्यंत पोहोचलाच नव्हता. दोन्ही पायांत कॅलिपर आणि दोन कुबड्या, अशी त्यांची चाल. लग्न केले नाही. शिवणकामात मात्र हात असा, की वेल्ह्यातल्या बाजारात त्यांचे छोटे दुकान आहे आणि जून महिन्यात शाळेच्या गणवेशांनी ते छतापर्यंत भरलेले असते.

गावापासून दुकान पाच किलोमीटर. इतकी वर्षे पुतण्या मोटरसायकलवर मागे बसवून सोडायचा. त्याला शिरवळच्या कारखान्यात नोकरी लागली आणि वन्संचे जाणे वडापच्या जीपवर येऊन पडले. जीपची पायरी उंच. रोज कुणीतरी काखेत हात घालून उचलायचे, तेव्हा त्या आत. एकदा मला म्हणाल्या, "अगं, चढवणारी माणसं चांगलीच असतात गं. पण रोज सकाळी कुणाचा तरी हात लागणार, हे मनात धरूनच पातळ नेसायचं, याचा कंटाळा आला मला." यावर मी काय बोलणार?

म्हणून पुतण्याने मोबाइलवर शोधाशोध केली. एका ठिकाणी बॅटरीवर चालणारी स्कूटर दिसली. मागे दोन बाजूंना जादा चाके लावलेली, कुबड्या अडकवायला कडी, मागे जायला रिव्हर्सचे बटण. वर लिहिले होते, दिव्यांगांसाठी खास, परवाना नको, नंबर नको, एक वर्ष वॉरंटी, घरपोच. किंमत ९२ हजार. वन्संनी भिशीचे पैसे आणि पोस्टातले आवर्ती ठेवीचे पैसे एकत्र केले, आणि २०२४ च्या गुढीपाडव्याच्या आसपास गाडी आली. घरपोच या शब्दाचा पहिला अनुभव तेव्हाच आला. ट्रान्सपोर्टवाल्याने ती नसरापूरला उतरवली आणि पुढे आमची गाडी जात नाही म्हणून सांगितले. तिथून छोटा हत्ती करून गावी नेली. दीड हजार रुपये. आनंदाच्या भरात ते कुणाला जाणवलेसुद्धा नाहीत.

आणि आनंद होताच हो! पहिल्या आठवड्यात वन्सं दुकानातून येताना स्वतः भाजी घेऊन आल्या. मेथीची जुडी. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी आपल्या हाताने निवडून घेतलेली पहिली जुडी. सासूबाईंनी ती निवडताना दोनदा सांगितले, "कोवळी आहे हो, चांगली बघून आणली."

आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी, १६ जुलैला, गाडी बंद पडली.

आमच्या गावातून सडकेला लागायला ओढ्यापासून वर एक चढ आहे. त्या दिवशी भुरभुर पाऊस होता. वेल्ह्याचा पाऊस ज्यांना ठाऊक आहे त्यांना भुरभुर म्हणजे काय हेही ठाऊक असेल. निम्म्या चढावर गाडी थांबली आणि सीटखालून जळका वास आला. वन्सं तशाच पावसात बसून राहिल्या. उतरून ढकलणे हा मार्ग त्यांना नव्हताच. वीस मिनिटांनी दूधवाला आला.

तिथून पुढे जे सुरू झाले ते दूरध्वनीवरचे कीर्तन. कंपनीकडून पहिल्यांदा सांगितले, बिघाडाचा व्हिडिओ पाठवा. पाठवला. चार दिवसांनी उत्तर, आत पाणी गेले असेल, पाण्याने झालेले नुकसान वॉरंटीत येत नाही. पुन्हा फोन केला तर दुसऱ्या बाईंनी सांगितले, ही बाजूची चाके आमची नाहीत, मूळ रचनेत बदल केल्यामुळे वॉरंटी रद्द झाली आहे. आम्ही थक्क! चाके आम्ही कुठे लावली? गाडी चाकांसकटच आली होती. मग बिले काढून पाहिली. तेव्हा प्रथम लक्षात आले की बिले दोन आहेत. एकावर नुसते ई-बाइक असे लिहिले होते. दुसरे बिल चाकांच्या जोडणीचे, वेगळ्याच नावाच्या फर्मचे. त्या फर्मला विचारले तर ते म्हणाले, आमची जबाबदारी लोखंडाची, वायरिंगची नाही. बॅटरीचे कार्ड तर तिसऱ्याच कंपनीचे. म्हणजे एका गाडीला तीन मालक, आणि बिघडल्यावर एकही नाही. शेवटी गाडीवाल्यांनी उपकार केल्यासारखे सांगितले, आमच्या सर्व्हिस सेंटरला आणून द्या, बघू. सेंटर परराज्यात. जाण्यायेण्याचे भाडे आमचे.

पुतण्याने गाडी पिकअपमध्ये घालून भोरला आमच्या घरी आणली. आमच्या आळीजवळच्या गॅरेजवाल्या दादांनी वरूनच पाहिले. हातसुद्धा लावला नाही. म्हणाले, "वहिनी, कंट्रोलर गेलाय. पार्ट मिळाला तर अर्ध्या तासाचं काम. पण हे सील बघा. हे मी फोडलं की कंपनी कायमचे हात वर करील. तुम्ही ठरवा."

आता सांगा, तुम्ही काय ठरवले असते? घरात दोन तट पडले. हे म्हणाले, फोडा सील, चार-पाच हजारांत सुटू. पुतण्या म्हणाला, ९२ हजारांची गाडी, साडेतीन महिने झाले नाहीत तोवर वॉरंटी आपल्याच हाताने घालवायची? वन्सं काहीच बोलल्या नाहीत. गौरी-गणपतीच्या ब्लाउजांचा हंगाम तोंडावर होता आणि त्या पुन्हा जीपची वाट पाहत फाट्यावर उभ्या राहू लागल्या होत्या.

शाळेतला धडा घरी

मी सकाळच्या सत्रात इथल्या एका शाळेत अर्धवेळ शिकवते. मराठी आणि नागरिकशास्त्र. ग्राहकाचे हक्क हा भाग मी वर्षानुवर्षे मुलांकडून पाठ करून घेतला आहे. पण घरात गाडी महिनाभर आडवी पडली तरी मला तो भाग आठवला नाही, याची लाज वाटते. शेवटी आठवण करून दिली एका विद्यार्थिनीने. ती सहज म्हणाली, "बाई, मग तक्रार का नाही करत?"

ग्राहक चळवळ ही खरे तर आपल्या घरचीच गोष्ट. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत निघाली, आणि ग्राहक संरक्षणाचा कायदा त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १९८६ साली आला. त्या जुन्या कायद्यात एक मोठी अडचण होती. तक्रार करायची ती साधारणपणे विकणाऱ्याचे कार्यालय जिथे असेल किंवा व्यवहार जिथे घडला असेल तिथल्या मंचाकडे. म्हणजे दिल्लीच्या दुकानदाराशी भांडायला वेल्ह्याच्या बाईने दिल्ली गाठायची! २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्याने हे बदलले. आता तक्रार करणारा जिथे राहतो किंवा काम करतो, त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार देता येते. आमच्यासाठी तो पुण्याला. माल किंवा सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील लावलाच पाहिजे असेही नाही. घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मात्र जायला हवे. १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती नावाची सोय सुरू झाली आहे, तिच्यावरून घरबसल्याही तक्रार दाखल करता येते.

शिवाय इंटरनेटवरून विकणाऱ्यांसाठी जुलै २०२० मध्ये वेगळे नियम निघाले आहेत. हे नियम आपण बायकांनी लक्षात ठेवण्याजोगे आहेत, कारण घरातली निम्मी खरेदी आता आपणच मोबाइलवरून करतो. अशा प्रत्येक कंपनीने तक्रार निवारण अधिकारी नेमला पाहिजे आणि त्याचे नाव, संपर्क, हुद्दा दिसेल असा दिला पाहिजे. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि एक महिन्यात तिचा निकाल लावायचा. जिथे अनेक विक्रेते बसलेले असतात, अशा बाजारवजा संकेतस्थळाने प्रत्येक विक्रेत्याचे नाव-पत्ता, परतीचे आणि वॉरंटीचे नियम ग्राहकाला दाखवायचे. माल सदोष निघाला किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखा नसला, तर विक्रेत्याला तो परत घेण्यास नकार देता येत नाही. आम्ही सव्वा महिना नुसत्या फोनवर बोलत होतो. फोनचा पुरावा काय राहतो? काही नाही. तक्रार अधिकाऱ्याला एक ओळही लिहिली नव्हती.

मग एका रविवारी जेवणाचे ताट सरकवून मी आणि पुतण्या बसलो. त्याचा मोबाइल तपासला, आणि देवच पावला म्हणायचे! खरेदीच्या आधी त्याने त्या पानाचा फोटो काढून वन्संना दाखवायला ठेवला होता. त्या फोटोत गाडी बाजूच्या चाकांसकट होती, किंमत एकच होती, आणि एक वर्ष वॉरंटी हे शब्द गाडीखालीच होते. इतकेच नव्हे, त्याने विकणाऱ्यांना लिहून विचारले होते, आमच्याकडे डोंगराळ रस्ता आहे, चढ चढेल का? उत्तर आले होते, हो, चढेल. हे दोन कागद म्हणजे आमची सगळी शिदोरी. चाके मूळ रचनेत नव्हती असे ते कसे म्हणणार, त्यांनीच चाकांसकट विकली होती! आणि चढाचे कारण कसे सांगणार, चढ त्यांना ठाऊक होता!

पत्र मी लिहिले. अक्षर न् अक्षर मराठीत लिहिले, पुतण्याने त्याखाली इंग्रजी तर्जुमा जोडला. तारखा घातल्या, कोण काय म्हणाले ते घातले, दोन्ही बिले, बॅटरीचे कार्ड, फोटो जोडले, आणि काय हवे ते शेवटी स्पष्ट लिहिले. दुरुस्ती गावी येऊन करून द्या, नाहीतर गाडी परत घेऊन पैसे द्या. काय हवे हे लिहायचे अनेकजणी विसरतात. नुसता संताप लिहितात. हे पत्र २० ऑगस्टला ई-मेलने पाठवले, आणि रजिस्टर पोस्टानेही. आता ती रजिस्टर पोस्टाची सोय स्पीड पोस्टात मिळवून टाकली आहे, तेव्हा तुम्ही स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. त्याबरोबर १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन केला. तिथे मराठीत बोलता येते. ते न्यायनिवाडा करत नाहीत, तुमचे गाऱ्हाणे कंपनीपुढे ठेवतात आणि क्रमांक देतात. पण तो क्रमांक पत्रात आल्यावर समोरच्यांचा सूर बदलतो, हे मी अनुभवाने सांगते. दोन दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी नाव सांगून, नमस्कार म्हणून बोलले.

२३ सप्टेंबरला पुण्याहून एक मुलगा मोटरसायकलवर आला, त्याने अंगणात बसून नवा कंट्रोलर बसवला. वेळ लागला चाळीस मिनिटे. आमच्या गॅरेजवाल्या दादांचा अंदाज दहा मिनिटांनी चुकला. अर्ध्या तासाच्या कामासाठी ६९ दिवस! गौरी त्याच्या आधीच येऊन गेल्या होत्या. वन्संच्या हातून किती ब्लाउज गेले त्याचा हिशेब त्यांनी मला सांगितला नाही.

आणि दुःख इथेच संपले नाही. कंट्रोलर बसला, चावी फिरवली, तर गाडी जेमतेम फाटकापर्यंत गेली. बॅटरी गेली होती. आमच्या गाडीत शिशाची बॅटरी, म्हणजे इन्व्हर्टरला असते तशा जातीची. अशी बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की आतल्या पत्र्यांवर क्षार घट्ट बसतात आणि ती पुन्हा नीट भरून घेत नाही. गाडी बंद आहे म्हणून आम्ही दोन महिने चार्जरच लावला नव्हता! बॅटरीवाल्यांच्या कार्डावर बारीक अक्षरांत लिहिलेच होते, न वापरता पडून राहिल्यास जबाबदारी नाही. नव्या बॅटऱ्यांना १४ हजार घातले. कंट्रोलरच्या दिरंगाईमुळे बॅटरी गेली, तेव्हा हे पैसे गाडीवाल्यांकडूनच वसूल करावेत, पुण्याला आयोगात जावे, असे माझे मत होते आणि अजून आहे. वन्सं नको म्हणाल्या. "मला गाडी हवी होती, खटला नको होता." पैसे त्यांचे, पाय त्यांचे. मी गप्प बसले, पण पटले नाही ते नाहीच.

घेण्याआधी काय विचाराल?

आता तुम्ही म्हणाल, मग अशी वाहने घेऊच नयेत का? छे, छे! तसे मुळीच नाही. आमच्या लहानपणी अपंग माणसाच्या वाट्याला हाताने फिरवायची तीनचाकी सायकल यायची, नाहीतर घराचा ओटा. १९८४ च्या सुमारास कायनेटिक होंडा आली. गियर नाही, बटणाने सुरू होणारी. पुष्कळांनी तिला बाजूला चाके लावून घेतली आणि नोकरीधंदा केला. ती चाके लावणारा फिटर गावातला, तोंडओळखीचा असायचा. काही तुटले तर त्याच्याच दारात उभे राहायचे. मोबाइलवरच्या खरेदीत माल जास्त, निवड जास्त. हरवले आहे ते हे दार. म्हणून पहिला प्रश्न किमतीचा विचारू नका. विचारा, बिघडली तर माझ्या गावी कोण येणार? त्याचे नाव काय, तो कुठे असतो, येण्याचे पैसे कुणाचे? सेवा उपलब्ध म्हणजे काय, हे लेखी घ्या. पुण्यात सेंटर आहे असे म्हणाले तर घेण्याआधी तिथे कुणाला तरी पाठवून पाहा. भोरहून पुणे काही परदेश नाही. एक एसटीचे तिकीट खर्च होईल.

दुसरी गोष्ट बिलाची. गाडी, जोडलेली चाके किंवा खुर्ची आणि बॅटरी हे सगळे एकाच बिलावर मागा, आणि वाहन दिव्यांग व्यक्तीसाठी तयार केलेले आहे असे त्यावर लिहून घ्या. वेगवेगळी बिले देणार असतील तर तिघांचीही वॉरंटी कार्डे वेगवेगळी मागा. आणि हा बदल केल्याने मूळ गाडीची वॉरंटी जाणार नाही, असे गाडी बनवणाऱ्याकडून लेखी आणा. नकार दिला तर समजा की आपल्यासारखीच गत होणार. कार्डावर वॉरंटी बिलाच्या तारखेपासून आहे की गाडी हाती आल्यापासून, हेही पाहा. आमचे बिल आणि गाडी यांत अठरा दिवसांचे अंतर होते, ते दिवस वाटेतच गेले. गाडी उतरवून घेताना सांगाड्यावरचा आणि बॅटरीवरचा क्रमांक बिलाशी ताडून पाहा, खोके उघडतानाचा व्हिडिओ काढा. पोरे मोबाइलवर काय काय काढत असतात, एवढे तरी उपयोगी काढू दे.

आणि हो, एक वर्ष वॉरंटी म्हणजे सगळ्या गाडीला एक वर्ष, असे धरून चालू नका. मोटरला एक मुदत, बॅटरीला दुसरी, चार्जर आणि कंट्रोलरला तिसरी, टायर-ब्रेकला मुळीच नाही, असे बहुधा असते. ते कोष्टक मुलांना सोप्या मराठीत लिहून काढायला सांगा आणि देव्हाऱ्याशेजारी चिकटवा.

परवाना नको, नंबर नको या आकर्षक शब्दांबद्दल मात्र दोन शब्द जास्त बोलायला हवेत, कारण आमची खरी चूक तिथे झाली. बॅटरीवरच्या ज्या गाड्यांची मोटर पाव किलोवॉटच्या आत आणि वेग तासाला २५ किलोमीटरच्या आत असतो, आणि तसे सरकारमान्य चाचणी संस्थेने तपासून दिलेले असते, त्यांना मोटार वाहन म्हणून नोंदणी लागत नाही. अशी एक चाचणी संस्था आपल्या पुण्यातच आहे, वेताळ टेकडीवरची एआरएआय. तेव्हा चाचणीचा दाखला मागण्यात संकोच करू नका. दाखला नसला तर बिननंबरी गाडी उद्या रस्त्यात अडवली जाऊ शकते. पण दाखला असला तरी एक गोष्ट तशीच राहते. पाव किलोवॉट म्हणजे आपल्या अर्ध्या मिक्सरएवढी ताकद. सपाट गावात ती पुरते. चार चाकांची गाडी, माणूस, कुबड्या, कापडाचे गठ्ठे, आणि वर ओढ्याचा चढ, हे ओझे तिच्याने ओढवत नाही. मोटर जास्त वीज ओढते, कंट्रोलर तापतो आणि एक दिवस जळतो. पाऊस हे निमित्त. दुरुस्तीला आलेल्या मुलानेच हे आम्हाला समजावले, तेही चहा प्यायल्यावर, हळू आवाजात. भोर-वेल्ह्यासारख्या मुलखात नोंदणीची, जास्त ताकदीची गाडी घेणे आणि परवाना काढणे हेच बरे, असे माझे आताचे मत आहे. नोंदणी झालेल्या गाडीत मागाहून बदल करायचा तर आरटीओची मंजुरी घेऊन तो आरसी पुस्तकात चढवून घ्यावा लागतो. तो न चढवता चाके लावली तर वॉरंटीच काय, अपघात झाल्यावर विमाही अडवला जाऊ शकतो. हेलपाटे पडतात खरे. पण २०२० पासून नोंदणीच्या अर्जात मालक दिव्यांग असल्याची वेगळी नोंद करता येते, ती जरूर करा.

ज्यांच्या घरी व्हीलचेअर आहे त्यांच्यासाठी आणखीही काही निघाले आहे. चेन्नईच्या आयआयटीतून पुढे आलेल्या नियोमोशनने २०२१ मध्ये व्हीलचेअरलाच पुढून जोडायचे बॅटरीचे चाक आणले. जोडले की खुर्चीची गाडी, काढले की पुन्हा घरातली खुर्ची. मारुती सुझुकीने डिसेंबर २०२५ मध्ये वॅगन-आरसाठी बाहेर वळणारी खुर्ची आणली आहे. सासूबाई-सासरेबुवांचे गुडघे गेलेल्या घरांना ती उपयोगी पडेल. सुरुवातीला ११ शहरांतल्या डीलरांकडेच ती बसवून मिळू लागली. मला त्यातले आवडले ते हे, की बदल करणारा आणि गाडी विकणारा एकाच काउंटरवर सापडतो. बाहेरच्या कारागिराकडून रॅम्प किंवा हाताने चालवायचा ब्रेक बसवून घेताना नेमके हेच हरवते. कामे उत्तम करणारे कारागीर आहेत, त्यांना नावे ठेवायची नाहीत. पण त्यांच्याकडून पक्के बिल आणि कामाची हमी घेतल्याशिवाय पूर्ण पैसे हातात ठेवू नका. चारदोन हजार मागे ठेवावेत, महिनाभर गाडी चालली की द्यावेत. वाण्याशी आपण याहून जास्त घासाघीस करतो!

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे चाकाची खुर्ची हे पुस्तक मी वन्संना वाचायला दिले होते. त्यांनी ते दुकानात गिऱ्हाइकांच्या मध्ये मध्ये आठ दिवसांत संपवले आणि परत देताना त्या पुस्तकाविषयी एक शब्दही न बोलता विचारले, "तुमच्या भोरात बॅटरी तपासायचं ते काटेवालं यंत्र मिळतं का गं?" व्होल्टमीटर हवा होता त्यांना. आता दर रविवारी त्या स्वतः मोजतात आणि कॅलेंडरवर, जिथे दुधाचा हिशेब असतो तिथेच, आकडा लिहितात. गाडी वापरात नसली तरी पंधरवड्याला चार्जर लागतो. पावसाळ्यात ओढ्याचा चढ सोडून देवळावरून फेऱ्याने जायचे, दीड किलोमीटर जास्त पडते पण रस्ता सपाट आहे. गठ्ठे पुतण्या आदल्या रात्री टाकून येतो. दोन्ही बिले, बॅटरीचे कार्ड, पोस्टाची पावती आणि १९१५ वाल्यांनी दिलेला क्रमांक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दुकानात मापाच्या टेपशेजारच्या खिळ्याला टांगले आहे.

मागच्या महिन्यात पानशेतच्या बाजूचे एक गृहस्थ त्यांच्याकडे आले होते. मुलीला तशीच गाडी घ्यायची आहे, कुठून घेतली, कितीला पडली, विचारत होते. वन्संनी गणवेशाची विजार बाजूला ठेवली आणि आधी त्यांना विचारले, "तुमच्या घरापासून सडकेपर्यंत चढ किती आहे?"